क्लारनेटवाल्याचा श्वास

आमच्या यांची नखं निळी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी हात उलटासुलटा करून पाहिला, छाती-पाठ तपासली आणि मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "आजी, फुफ्फुसाचा खालचा भाग बसलाय. संध्याकाळी मी परत बघते. तोवर तो उघडला नाही तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. या वयात मशीनवरून उतरतीलच, असं मी सांगू शकत नाही." दुपारचे बारा वाजले होते. मी रडले नाही. मला लवकर रडू येत नाही.

आतड्याला पीळ पडला म्हणून माझ्या नवऱ्याला अकोटहून अमरावतीला आणलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण टाके दुखतात म्हणून हे खोल श्वासच घेईनात. त्यासाठी नर्सने प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन नळकांडी, त्यांत तीन गोळ्या, आणि तोंडात धरायची एक नळी. दर तासाला गोळ्या वर न्यायच्या, असं सांगून आणि घाईघाईत एकदा करून दाखवून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. यांनी लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं क्लारनेट वाजवलं. आमच्या घरात नळी तोंडाला लागली की फुंकायची, दुसरं कोणाला काही ठाऊक नाही. हे फुंकायचे, आणि मीही बाजूला बसून "फुका, अजून फुका" म्हणायची. गोळी जागची हलायची नाही. नर्स येताना दिसली की यंत्र हे उशीखाली सारायचे आणि "झालं, झालं" म्हणायचे. क्लारनेटवाल्याची फूक कमी पडली, हे परक्या पोरीला दाखवायचं नव्हतं. दोन दिवस हेच चाललं.

त्या दुपारी यांनी यंत्र माझ्या मांडीवर टाकलं. म्हणाले, "फूकच गेली वं माही. एक गोळी उचलत नाई. आता कायले जगा लागते?"

"तुमाले कोन वरातीत वाजवाले लावून राह्यलं?" मी म्हटलं. "गोळी उचला म्हनते, तं उचला ना."

"तूच उचल मंग."

मीही फुंकून पाहिलं. माझ्यानेही हलली नाही, तेव्हा यंत्र उशाशी ठेवून दिलं.

खरं सांगायचं तर सकाळी अंबादेवीच्या देवळात मी तिच्याशी भांडूनच आले होते. ओटी नाही, नारळ नाही. हात न जोडता सांगितलं, न्यायचं असेल तर ने, पण असं तिळातिळानं नेऊ नको. पन्नास वर्षं नवरात्रात नऊ दिवस उपास केले, त्याचं काय, असंही विचारलं. ती कधीच बोलत नाही. मी परत आले ती देवीवरचा विश्वास देवळाच्या पायरीवर ठेवूनच आले, असं म्हटलं तरी चालेल.

शेजारच्या खाटेवर अकोल्याचे एक सर होते. कॉलेजात शिकवायचे. अर्धांगवायूनं वाचा गेली होती, डोळे मिटलेले असायचे. त्यांची मुलगी असेल चाळिशीची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, वडिलांच्या आवडीचं काही ऐकवत राहा. म्हणून ती रोज दुपारी त्यांच्या उशाशी मोबाईल ठेवून इंग्रजी वाजप, म्हणजे नुसती वाद्यं, लावायची. मला त्याचा रागच होता. एकदा तिला म्हटलंही, "भजन लाव, जीवाले बरं वाटंन त्यायच्या." ती हसून म्हणाली होती, "आजी, बाबांचं भजन हेच आहे."

त्या दिवशी तिनं तेच लावलं, आणि यांनी मान वळवली. दोन दिवसांत पहिल्यांदा कशाकडे तरी मान वळवली. "क्लारनेट हाय त्याच्यात," हे म्हणाले. मुलीनं ऐकलं. ती उठली, मोबाईल सरांच्या उशाजवळून उचलला आणि आमच्या दोन खाटांच्या मधल्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून यांच्याकडे तोंड करून ठेवला. "बाबांना नुसतं ऐकायचं आहे, आजोबा. तुम्ही बघा," म्हणाली. तिनं सांगितलं की याला सिम्फनी म्हणतात, रशियातल्या एका माणसानं शंभरेक वर्षांमागे लिहिली, चार भागांची आहे, आणि आता तिसरा, संथ भाग चालू होतोय.

मी पाहिलं. काळ्या कपड्यांतली ऐंशी-नव्वद माणसं, बायाही तेवढ्याच. वकिलांची सभा भरल्यासारखी. यांच्या बँडात बारा जण, त्यातले तिघं नेहमी रुसलेले. इथं व्हायोलिनवाल्यांचे पन्नास गज एकाच वेळी वर जायचे आणि एकाच वेळी खाली, भरल्या ज्वारीवरून वारा गेल्यासारखे. झांजवाला तर हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. त्याची पाळी आली नव्हती, तरी तो एवढं लक्ष देऊन ऐकत होता की मला त्याचा आदर वाटला. आमच्याकडचा असता तर बाहेर बिडी ओढायला गेला असता. पुढे काठीवाला उभा.

"हा काहून वाजवत नाई काही?" मी विचारलं.

"मास्तर हाय तो. त्याच्या हातात सारे हायेत," हे म्हणाले. "गप पाह्य."

मग सगळे व्हायोलिनवाले हळू झाले आणि मागे बसलेल्या एका टकल्या माणसानं क्लारनेट ओठांना लावलं. त्यानं वाजवलं ते मला लिहून सांगता येणार नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या ते आवाक्यातलं नाही. एवढंच सांगते, की कोणी आपलं माणूस लांबून चालत आलं, ओट्यावर टेकलं, आणि आल्या आल्या काही मागितलं नाही, तसं ते होतं. लांब, लांब चाललं होतं. दुःख होतं त्यात, पण रडगाणं नव्हतं. मी वरातीत नाचणाऱ्यांसाठी वाजलेलं क्लारनेटच जन्मभर ऐकलं. या वाद्याला एवढं शांत बोलता येतं, हे मला पंचाहत्तरीत कळलं.

यांचे डोळे त्या माणसावरून हलत नव्हते. "श्वास कुठून आनून राह्यला तो," पुटपुटले. आणि बोटं चादरीवर हलायला लागली. मी संधी साधून यंत्राची नळी यांच्या ओठांत दिली, म्हटलं एकदा फुंकतील. यांनी फुंकलं नाही. पडद्यावरच्या माणसानं पुढची ओळ घेण्याआधी छाती भरून श्वास घेतला, त्याच क्षणी यांनीही घेतला, वाजवणारा माणूस वाजवणाऱ्याबरोबर घेतो तसा, न ठरवता. आणि गोळी वर गेली.

"आजोबा, गोळी," मुलगी म्हणाली.

आम्ही तिघंही त्या यंत्राकडे पाहत राहिलो. ते फुंकायचं नव्हतंच. ओढायचं होतं.

"दोन दिवस उलटं वाजवलं वं आपन," हे म्हणाले, आणि टाके दुखत असताना हसले.

मुलीनं तो तुकडा पुन्हा लावला. आणि पुन्हा. संध्याकाळपर्यंत किती वेळा लावला ते मला माहीत नाही. क्लारनेटवाला श्वास घेई, हे घेत. खोकला आला, छातीतली घाण पडली, एका गोळीच्या दोन झाल्या. सगळा वेळ मोबाईलचं तोंड आमच्याकडे होतं आणि ती आपल्या बापाचा हात धरून बसली होती. सहा वाजता डॉक्टरीणबाई आल्या, पाठीवर ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाल्या, "हवा जातेय. नळी नको."

याला चमत्कार म्हणा असं मी कोणाला सांगत नाही. नर्सनं पुन्हा एकदा समजावलं असतं किंवा यांनी तिच्यासमोर फुंकून दाखवलं असतं, तरी हे कळलं असतं. पण ते घडलं नाही, आणि हे घडलं. मी देवीकडे मागितलं ते भांडून, आणि तिनं पाठवलं ते दुसऱ्याच्या खाटेवरून, मला न कळणाऱ्या संगीतातून, ज्या मुलीला मी नावं ठेवली तिच्या हातून. आमच्या दोघांचा सगळा जोर बाहेर ढकलण्यावर होता. येणारं आत येऊ द्यायचं असतं, हे आम्हाला शिकवायला परमुलखातला एक टकला माणूस लागला. आता देवळात गेले की मी मागत नाही, भांडतही नाही. उभी राहते, आणि काय येतं ते पाहते.

एक गोष्ट मात्र मला अजून समजत नाही, आणि ती समजून घ्यायचा हट्ट मी सोडला आहे. ते संगीत सरांसाठी लावलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सर गेले. माझा नवरा वाचला.