चारी चाकं ओढणारी गाडी

आमच्या ओट्याखाली एक मोठी पिशवी आहे. तिच्यात नुसत्या पिशव्या आहेत. कुणी मुद्दाम जमवल्या नाहीत. भाजी आली, पिशवी राहिली. मिठाई आली, पिशवी राहिली. माझ्या सतीशच्या गाडीवाल्या मित्रांचे किस्से असेच साठलेत. मंडळी रविवारी सकाळी जमतात, चहा पितात, गाड्यांवरून भांडतात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. टाकवत नाही, आणि ठेवायला जागा नाही!

मी शाळेची पायरी चढले नाही. म्हणून मी सांगते आणि सूनबाई, आमची वैशाली, लिहून घेते. तिचं स्वतःचं नाव आलं की पेन थांबतं. मी म्हणते, "लिही गं, खोटं थोडंच आहे?"

आम्ही साताऱ्याकडचे. सतीशची नोकरी सीतापुऱ्याच्या कारखान्यात, म्हणून जयपुरात. मंडळी म्हणजे तिघंच. एक सतीश. दुसरे सुभेदार मोहिते, फौजेतून रिटायर झाले आणि इथंच राहिले. तिसरा निखिल, पुण्याचा पोरगा, कॉम्प्युटरमध्ये आहे. सुभेदार म्हणतात जुनी गाडी घ्यावी. निखिल म्हणतो नवी घ्यावी. सतीश दोघांनाही "बरोबर आहे" म्हणतो आणि आपली छोटी जुनी गाडी घेऊन कामाला जातो.

पण गाडी साधी नको, फोर बाय फोर हवी. मी विचारलं, "म्हणजे काय रे?"

सतीश म्हणाला, "आई, आपल्या गाडीची दोनच चाकं ओढतात. उरलेली दोन नुसती मागून येतात. ह्या गाडीची चारी ओढतात."

आतून वैशालीचा आवाज आला, "तसं असतं होय कुठं? आपल्या घरात मी बघितलं नाही!"

*

गाडी कशासाठी हवी, तेही सांगते. ती माझ्यासाठी हवी.

माझी नात इशा जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. काचेच्या पेटीत ठेवली होती. शेजारच्या बाईंनी मला डोंगरावरच्या मातेचं नाव सांगितलं. मी तिथंच हात जोडले, म्हटलं, पोर चालती कर, मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन.

पोर चालती झाली. आम्ही गेलोही. पण डोंगराला पायऱ्या, आणि माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच वळणावर नकार दिला. मग सतीशनं कोरड्या नदीतून गाडी घालून बघितली. खाली धोंडा लागला, चेंबर फुटला, सगळं ऑइल वाळूत. त्या दिवशी तो म्हणाला, "आई, तुला फोर बाय फोरमधूनच वर नेणार!"

तेव्हापासून गाडी बघणं चालू आहे. इशा आता लायसन्स काढायच्या वयाची झाली. मागं एकदा मला विचारते, "आजी, मतलब, नवसाला एक्सपायरी असते का?"

मी म्हटलं, "नवसाला नसते बाई. गुडघ्यांना असते."

*

निखिलनं मधेच स्वतःसाठी कोरी करकरीत फोर बाय फोर घेतली. पेढे घेऊन आला. गाडी एवढी उंच की आमचा गल्लीतला कुत्रा तिच्या सावलीत झोपायला लागला.

मला दाखवायला त्यानं आत एक चक्र फिरवलं. पडद्यावर आधी वाळूचं चित्र आलं, मग दगडांचं, मग बर्फाचं.

"बर्फ?" मी म्हटलं. "अरे, जयपुरात बर्फ उसाच्या रसात पडतो तेवढाच!"

"असू द्यावं आजी. लागलं तर?"

मला पटलं. माझ्याकडेही लग्नातली चांदीची अत्तरदाणी आहे.

पुढच्या आठवड्यात तो मला नि वैशालीला राजा पार्कच्या बाजारात घेऊन गेला. तिथं कुणाचा तरी पाण्याचा टँकर गळत होता. रस्त्यावर घोटाभर पाणी. रिक्षा जात होत्या, स्कूटर जात होत्या, एक बाई दोन पोरं कडेवर घेऊन गेली. निखिलनं गाडी थांबवली, आरशात बघितलं आणि मागं घेतली. सगळ्या गल्लीबोळांतून वळसा घालून आम्ही पलीकडं निघालो.

मी विचारलं, "का रे, ही कमरेएवढ्या पाण्यातून जाते म्हणाला होतास ना?"

"जाते ना आजी!" पोरगा गंभीर होऊन म्हणाला. "पण आज सकाळीच धुतलीय."

*

सुभेदारांची तऱ्हा उलटी. त्यांची गाडी इतकी जुनी की मूळचा रंग कोणता, यावर त्यांच्या घरातच दोन मतं आहेत. चालताना ती खडखडते, खाकरते, कण्हते. मी म्हटलं, "सुभेदार, हिला दवाखान्यात न्या."

"मावशी, आवाज येतोय म्हणजे जीव आहे! निखिलच्या गाडीचा आवाजच येत नाही. बेशुद्ध पडली तर कळणार कसं?"

दारं लागली तर उघडत नाहीत, म्हणून ते एक दार लावतच नाहीत, दोरीनं बांधतात. पण गाडीला नावं ठेवू देत नाहीत. तिच्यात बसताना टोपी सरळ करतात.

तिला सकाळी सेल्फ लागत नाही. उतारावर सोडली की सुरू होते. आमच्या घरापुढं शर्माजींच्या फाटकाचा छान लांब उतार आहे. सुभेदार तिथंच गाडी लावायचे. एका रविवारी शर्माजींना रुग्णालयात कुणाला तरी भेटायला निघायचं होतं. ते फाटकामागून हाका मारतायत, "भाईसाहब, गाड़ी हटाइए!"

सुभेदार म्हणाले, "हटाता हूँ, पण ही हलली की थेट सुरूच होईल. मग मला घरी जावं लागेल. चहा झाल्यावर हटवली तर चालेल?"

शर्माजी आत येऊन आमच्याकडंच चहाला बसले.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं. सुभेदार ज्या ज्या मित्रांकडं जातात, त्या सगळ्यांच्या घरापुढं उतार आहे. सतीशशी त्यांची एवढी मैत्री कशी जमली, याचं मला फार दिवस नवल वाटत होतं!

*

नव्या-जुन्याचा वाद एकदा फार पेटला. निखिल वॉरंटी वॉरंटी करत होता. सुभेदारांनी बशी खाली ठेवली.

"नवी गाडी म्हणजे नवा जावई. पहिली दोन वर्षं गुणी असणारच. त्यात कौतुक काय?"

"आणि जुनी?" निखिलनं विचारलं.

"जुना जावई. त्याच्या सगळ्या खोडी आपल्याला पाठ असतात. धोका नाही."

सतीश म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

वैशाली पोह्यांची ताटली ठेवता ठेवता म्हणाली, "आणि जे नुसते स्थळंच बघत बसतात, त्यांच्या घरी मांडव कधीच पडत नाही!"

सतीशनं पोह्यात लिंबू जास्तच पिळलं.

*

मग मात्र सतीश खरंच एक जुनी गाडी बघायला निघाला. विश्वकर्माच्या बाजूला, कारखान्यांच्या मागं, एका मैदानात जुन्या गाड्यांची रांग लावलेली. "आई, तुझ्यासाठी घ्यायची, तूच बसून बघ," म्हणून मलाही नेलं.

विकणारा गोड बोलणारा. "माताजी, एक ही हाथ में रही है। डॉक्टर साहब की गाड़ी है। घर से दवाखाना, दवाखाने से घर।"

सतीश खाली वाकला, सुभेदार गाडीखाली शिरले, निखिलनं मोबाइलची बॅटरी लावून इंजिनात डोकं घातलं. मी दार उघडून आत वाकून वास घेतला. मग सीटच्या फटीत बोट घातलं आणि जे निघालं ते तळहातावर धरून त्याला दाखवलं. लेंडी!

"भैया," मी म्हटलं, "डॉक्टर माणसांचे की बकऱ्यांचे?"

तो जराही डगमगला नाही. "माताजी, मैंने कब कहा आदमियों के?"

पण खरी गंमत पुढं. सतीश म्हणाला, "ते जाऊ दे, आई, बसून तर बघ." मी पदर खोचला, दांडी धरली, पाय उचलला. पाय अर्ध्यातच राहिला. गाडीची पायरी माझ्या मांडीएवढी उंच!

एवढी वर्षं तिघांनी इंजिनं तोलली, टायर मोजले, जमिनीपासून गाडी किती वर आहे त्याचे गोडवे गायले. मी वर कशी चढणार, ते कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "सतीश, डोंगराच्या पायऱ्या चुकवायला गाडी, आणि गाडीत चढायला मला डोंगर?"

तिघांनी वाकून पायरीकडं बघितलं. मग निखिल पळत गेला आणि कुठून तरी लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. त्या दिवसापासून ते स्टूल सतीशच्या डिकीत आहे. कोणतीही गाडी बघायला गेले की आधी स्टूल उतरतं, मग माणसं. विकणाऱ्यांना वाटतं, हा काहीतरी फार वरचा चेकिंगचा प्रकार आहे.

*

आता गेल्या थंडीतली गोष्ट. माझे गुडघे पार वैरी झाले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, पण नंतर बरेच महिने लांबचा प्रवास नको. मी सतीशला म्हटलं, "गाडी घे नाहीतर घेऊ नकोस. माझी ओटी राहिली तर मी ऑपरेशनला जायची नाही."

तिघांची बैठक बसली. ठरलं असं की रविवारी निखिलची नवी आणि सुभेदारांची जुनी, दोन्ही त्याच नदीतून डोंगरावर घालायच्या. जी मला देवीच्या दारात नेईल, तसली गाडी सतीश दुसऱ्या दिवशी घेणार. म्हणजे माझा नवस आणि त्यांचा वाद, दोन्ही एकदमच फिटणार!

मग मी कुणाच्या गाडीत बसायचं, यावर भांडण. निखिल म्हणाला माझ्या. सुभेदार म्हणाले माझ्या. वैशाली म्हणाली, "नदीपर्यंत आई माझ्याबरोबर आपल्या गाडीतनं येतील. ओटीचं सामान नि जेवणाचे डबे माझ्याकडंच आहेत. तिथनं पुढं तुम्ही ठरवा."

स्टूल तेवढं निखिलच्या गाडीत गेलं.

ते दोघं पुढं, सतीश निखिलच्या शेजारी. आमची छोटी गाडी मागं, तिच्यात मी, वैशाली आणि इशा. वाटेत चहाला थांबलो तेव्हा इशा म्हणाली, "अंकल, मॅप लावू का?"

निखिल हसला. "इशा, मॅप रस्ता दाखवतो. आपल्याला रस्ता नकोच आहे!"

सुभेदारांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

डोंगर दिसायला लागला. दोन्ही गाड्या धुरळा उडवत डावीकडं नदीत उतरल्या. वैशालीनं काठावर गाडी थांबवली. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळानं धुरळा खाली बसला, पण गाड्या काही पुढं गेलेल्या दिसेनात.

तेवढ्यात मागून एक मिनीबस आली, आत नवरा-नवरी नि गाणी म्हणणाऱ्या बायका. ती नदीत वळली नाही. सरळ गेली. तिच्या मागं आइस्क्रीमची हातगाडी बांधलेला टेंपो. तोही सरळ गेला.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी वैशालीकडं बघितलं. तिनं गिअर टाकला.

"अगं, ते तिकडं आहेत," मी म्हटलं.

"असू देत आई."

रस्ता डांबरी होता, मधल्या वर्षांत कधीतरी झालेला. कडेला पांढरे पट्टे मारलेले. तीन वळणं, आणि गाडी थेट देवळाच्या दारात. मी इशाचा हात धरून आत गेले. खण, नारळ, तांदूळ. माझ्याच हातानं ओटी भरली. इशा शेजारी उभी होती, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी देवीला म्हटलं, "बघ, चालती झाली. उशीर झाला, रागावू नकोस."

बाहेर येऊन कठड्यावरून खाली बघितलं. नदीच्या वाळूत दोन खोके आणि तीन माणसं. एक हातवारे करत होता, एक गाडीखाली आडवा होता, आणि एक दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. तिसरा कोण, ते सांगायला नकोच.

वैशालीला फोन आला. सतीश ओरडत होता, "आईला काठावरच थांबव! पाचच मिनिटं! वाळूचं बटण लागत नाहीये!" आणि फोन तुटला.

आम्ही डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. जेवण होत आलं, तेव्हा पायऱ्यांवरून तिघं वर येताना दिसले. ट्रॅक्टर कुठं मिळेल, ते पुजाऱ्याला विचारायला निघाले होते. निखिलच्या केसांत वाळू. सुभेदारांची टोपी वाकडी. सतीशच्या डोक्यावर लाल प्लास्टिकचं स्टूल. गाडीत ठेवलं तर कुणी नेईल, आणि आईला लागेल, म्हणून.

तो शेवटच्या पायरीवर थांबला. मला बघितलं. माझ्यामागं झाडाखाली उभी आपली छोटी गाडी बघितली. निखिल गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि खाली वाकून चाकांकडं बघायला लागला. सुभेदारांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला.

"वहिनी," ते धापा टाकत म्हणाले, "ही वर आली कशी?"

वैशालीनं बोटाचं लोणचं चाटलं.

"रस्त्यानं."

सतीशनं डोक्यावरचं स्टूल काढलं, खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसला.