आंतरप्रवाही

अवघड शब्द उच्चारला की साहेब चष्मा काढून हातात धरायचे आणि समोरच्यांकडे बघत क्षणभर थांबायचे. शब्द पोचला की नाही ते पाहत असावेत, असं वाटे. खरं तर चष्म्याशिवाय त्यांना समोरचं फारसं दिसत नसे.

तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर शेतीच्या बैठका घेणं हे त्यांचं काम आणि मोटारसायकलवरून त्यांना तिथे नेणं हे माझं. मी त्याच कचेरीत कारकून. साहेब घाटावरचे. डहाणूच्या बाजारातले दुकानदार फवारणीच्या प्रत्येक बाटलीला ‘दवा’ म्हणायचे, त्याचा त्यांना फार राग. “शेतकऱ्याला शब्द अर्धा देऊ नये,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. यात बडेजाव नव्हता. समोरच्याला आपल्या बरोबरीचं मानायची त्यांची ती रीत होती. असा सज्जन, थोडा पुस्तकी माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

एका वर्षी त्यांनी ‘आंतरपीक’ शिकवलं. मिरचीच्या दोन ओळींमध्ये मेथी घ्या, म्हणाले. लोकांनी घेतली. पुढच्या हंगामात बायका सहज ‘आंतरपीक’ म्हणू लागल्या, तेव्हा परतीच्या वाटेवर साहेब गाडीवर मागे बसून चक्क गुणगुणत होते.

त्याच हंगामात मिरचीची पानं आकसायला लागली. साहेबांनी बैठकीत सांगितलं, “आंतरप्रवाही कीटकनाशक फवारा.” चष्मा काढला, थांबले. सगळ्यांनी माना डोलावल्या. फवारल्यावर इतके दिवस तोडणी करू नका, हेही त्यांनी सांगितलं. पण ते मिरचीबद्दल.

मग एका दुपारी निरोप आला की पाड्यावरच्या लक्षीबाईच्या लहान मुलीला डहाणूला दवाखान्यात नेलंय. आम्ही पोचलो तेव्हा पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. घरात सगळ्यांनाच उलट्या झाल्या होत्या, पण पोर लहान, तिला जास्त बाधलं होतं. मेथीची भाजी खाल्ली होती. डॉक्टरांनी विचारलं, फवारलेली भाजी धुतली नव्हती का. लक्षीबाई म्हणाली, पुन्हा पुन्हा धुतली होती.

साहेबांनी तिला विचारलं, मेथीवर कशाला मारलंत?

“सायब, आंतरपीक म्हंजे मधला पीक,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग आंतरवाला दवा मधल्यालाच ना?”

साहेब भिंतीला टेकले. आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या आत शिरून रसाबरोबर पानापानांत जाणारं. ते वरून धुऊन जात नाही. एवढं एक वाक्य त्यांनी बैठकीत सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते ते त्या शब्दातच होतं.

पोर वाचली. घरी परतली तरी बरेच दिवस अशक्त होती.

वरच्या कचेरीतून फोन आला. शेतकऱ्याला सूचना दिल्या होत्या ना, मग चूक त्याची, असं एकदा सांगून टाका म्हणजे विषय मिटला. साहेब म्हणाले, “सूचना दिल्या होत्या. पण त्या माझ्या भाषेत होत्या.” पुढे त्यांना बोलणी बसली, ती त्यांनी खाली मान घालून ऐकली.

त्यानंतर त्यांनी पाड्यावर बैठक बोलावली. उभे राहिले आणि चूक माझी होती, असं सांगून हात जोडले. लोक अवघडले. एक म्हातारे शेतकरी समजुतीने म्हणाले, “नाय सायब, आमीच अडाणी.” ते ऐकलं मात्र, साहेबांना उभं राहवेना. ते तिथेच जमिनीवर, सगळ्यांमध्ये बसले. रागावलं असतं कुणी तर त्यांना सोपं गेलं असतं.

तिथूनच त्यांनी विचारलं की जे झाडात आत जातं, धुतलं तरी निघत नाही, त्याला तुम्ही काय म्हणाल?

“भिनतं ते,” लक्षीबाई म्हणाली. मग म्हणाली, “आन् दवा, औषध कशाला बोलता? माझ्या पोरीला दवाखान्यात दिला तो औषध. ह्याला विख बोला.”

त्या दिवसापासून साहेब ‘भिनणारं विष’ म्हणू लागले. कचेरीत हसले लोक. दुकानदारांनी तक्रार केली की तुमच्यामुळे गिऱ्हाईक बिचकतं. साहेब म्हणाले, बिचकू द्या. बैठक संपली की ते एकेकाला विचारत, “मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा.” ते उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा होई.

लक्षीबाईच्या घरावरून जाताना मात्र ते गाडी थांबवायला सांगत, पण उतरत नसत. आत या, चहा घ्या, ती म्हणे. ते नको म्हणत. पोर धावत येई. तिच्याकडे न पाहता, समोरच्या रस्त्याकडे बघत ते विचारत, “बरी आहेस ना?” ती हसून पळून जाई.

साहेब निवृत्त होऊन घाटावर आपल्या गावी गेले. मध्यंतरी कामासाठी मी एकटाच त्या पाड्यावर गेलो. पोर आता शाळेत जाते. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली, मागची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाली, “त्यांना सांग, मी बरी हाय.”

घरी येऊन मी फोन लावला आणि तिचा निरोप सांगितला. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणालो.

“ऐकतोय,” साहेब म्हणाले. “पुन्हा एकदा सांगा.”