अस्वल कोणत्या पानावर आहे?

आमच्या घरी यंदा एकाच पुस्तकाच्या सहा प्रती आल्या. आमचं पुस्तकांचं दुकान नाही. मी आसगावात अंगणवाडी सेविका आहे, आणि हा सगळा प्रकार माझ्या हुशारीमुळे घडला.

माझा मुलगा चिनू तिसरीत. वाचायला बस म्हटलं की त्याचं पोट दुखायचं. (खेळायला हाक आली की लगेच थांबायचं!) इकडे मी दर महिन्याला आयांच्या बैठकीत सांगणार, "पोराईले मोबाइल नका देऊ, पुस्तक द्या!" आणि माझंच पोरगं पुस्तक पाहून पळणार! गावात तोंड दाखवायची पंचाईत.

म्हणून एकदा भंडाऱ्याला गेले तेव्हा दुकानात तासभर उभी राहिले. थोरांच्या चरित्रांची मालिका? चिनू झोपेल. विज्ञानाची मालिका? मी झोपेन. शेवटी 'टिल्लू आणि सात भुयारं' ही सात भागांची मालिका पसंत केली, कारण मुखपृष्ठावर वटवाघूळ होतं. विकत न घेताच घरी आले आणि चिनूला म्हटलं, "मी तुझ्याएवढी होती तवा सातही भाग वाचले होते!" (मी ते पुस्तक त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.)

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि घर पाहुण्यांनी भरतं. प्रत्येक पाहुणा पोरासाठी खाऊ आणतो. मी डोकं लढवलं आणि सहा जणांना फोन केले. "औंदा पेढे नको, टिल्लूचं एकेक पुस्तक आणा. भंडाऱ्याच्या दुकानात भेटते. सात भाग आहेत, सातवा मी घेईन." कोणी कोणता भाग आणायचा, एवढंच सांगायचं राहिलं.

मंडईच्या दिवशी नणंदबाई आल्या. पिशवीतून पहिला भाग निघाला. वा! मग माझा भाऊ आला. पहिला भाग. मावशी, पहिला भाग. दुपारपर्यंत खाटेवर सहा वटवाघळं ओळीनं बसली होती!

"अरे, दुसरा काहून नाही आणला?" मी भावाला विचारलं.

"बाकीचे आणतीन का नाही, काय भरोसा? पोराजवळ पहिला तरी पाहिजे ना!"

सहाही जणांचं हेच उत्तर. भाऊ तर सरळ म्हणाला, "मले तुया नणंदेवरच भरोसा नव्हता." नणंदबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी दुकानात फोन लावला. दुकानदार खुशीत होता. "बाकीचे भाग मागवा लागतीन, म्याडम. पण पहिला यंदा लय चालून राहिला!"

आणि मग चमत्कार झाला. घरात जिकडेतिकडे टिल्लूच पडलेला असल्यामुळे चिनूनं तो वाचला. पूर्ण! उरलेल्या पाच प्रती पाच मित्रांना वाटल्या. शेवटच्या पानावर टिल्लू भुयारात घसरतो आणि अंधारात त्याचा पाय धरला जातो. पुढे दुसऱ्या भागात! संध्याकाळी सहा पोरं आमच्या दारात.

"मम्मी, पाय कोनं धरला? तू तं वाचलं आहे ना!"

माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण पोरगं पहिल्यांदा माझ्याकडे अशा कौतुकानं पाहत होतं, माझी जीभच वळेना. "अस्वलानं," मी म्हणाले.

"अस्वल काहून धरन?"

"अस्वलीण होती. तिले वाटलं, आपलंच पिल्लू आहे."

झालं! पोरं रोज संध्याकाळी हजर. आठ दिवसांत अस्वलिणीला दोन पिल्लं झाली, ती मोहफुलं खाऊन गुंगली, टिल्लूनं तिच्या पायातला काटा काढला. शाळेच्या गुरुजींनी मला शनिवारी बोलावून अख्ख्या तिसरीला अस्वल सांगायला लावलं. मी सांगितलंही, आवाज काढून!

दुसरा भाग आला तो नेमका आयांच्या बैठकीच्या दिवशी. एरवी कामाचं काही आणायला विसरणाऱ्या आमच्या ह्यांनी तो आठवणीनं आणला आणि थेट चिनूच्या हातात दिला. मी वीस आयांपुढे बोलत होते, "लेकराईपुढे आपण खोटं बोलू नये," एवढ्यात चिनू दारात. पुस्तकात बोट घालून.

"मम्मी, अस्वल कोणत्या पानावर आहे?"

"असन पुढं कुठं तरी. जा, खेळ."

"पुरा वाचला. टिल्लूचा पाय वेलात अडकला होता. कोनी धरलाच नव्हता!"

वीस आया माझ्याकडे पाहू लागल्या. मागून एक बाई म्हणाली, "म्याडम, मंग थे अस्वल कुठचं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही वाचलं रे बाप्पा," मी कबूल केलं. "एकही भाग नाही. खोटं बोलली मी."

चिनू विचारात पडला. मला वाटलं, आता म्हणेल, मम्मी, तुझीच गोष्ट चांगली होती. कसलं काय!

"आता तिसरा भाग पहिले तू वाच," तो म्हणाला. "मंग मी तुले एकेक पान विचारीन."

आयांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बैठकीत पहिल्यांदाच.

तिसरा भाग परवा आला. मी सकाळपासून चौथ्या पानावर आहे आणि माझं पोट फार दुखतंय. चिनू म्हणतो, असलं दुखणं त्याला चांगलं ठाऊक आहे, मुकाट्यानं बस.