मालुबाईच्या हाताचा कायदा

आमच्या बोरगावच्या मालुबाईचा डावा हात कोपरापासून नव्हता. एकोणीसशे चौतीस सालच्या भुईमुगाच्या शेंगांच्या हंगामात तो निपाणीतल्या एका गिरणीत गेला. माझी आई जयाबाई तेव्हा तिच्या शेजारीच कामाला होती. त्यामुळे पुढचं सगळं मी आईच्या तोंडून ऐकलं आहे.

मालुबाई तरुणपणीच विधवा झाली होती. पदरात एक मुलगी. हंगामात बोरगावच्या पाच-सहा बायका निपाणीत खोली घेऊन राहायच्या आणि शेंगा फोडायच्या गिरणीत जायच्या. तिथं तेलाचं इंजिन होतं. इंजिनावरून एक रुंद चामडी पट्टा यंत्राकडं जायचा. पट्ट्याभोवती फळ्या होत्या, पण तेल घालायला अडचण होते म्हणून त्या काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. बायका मुकादम यल्लाप्पाला सांगून थकल्या. "फुडच्या हंगामाला बसवूया की," एवढंच तो म्हणायचा.

एके दिवशी मालुबाई शेंगांची पाटी ओतायला वाकली आणि तिचा पदर पट्ट्यानं ओढून घेतला. पदर सोडवायला हात पुढं गेला. आई म्हणायची, ओरडली ती मी. मालूच्या तोंडातून आवाजसुद्धा आला नाही.

तिला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कोपराखालचा हात काढला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिचा मुलगा हरिभाऊ वकील रोज आईला बघायला यायचा. दोन दिवस त्यानं मालुबाईकडं नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, हात कशानं गेला?"

तिनं सांगितलं.

"मग मालकाकडं भरपाई मागितली का?"

"भीक कशाला मागू, आण्णा? एक हात हाय की अजून."

"भीक नव्हे. कारखान्यात काम करताना माणूस जायबंदी झाला, तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. होऊन दहा-अकरा वर्षं झाली. बोट गेलं तर किती, हात गेला तर किती, सगळं त्यात लिहिलेलं आहे."

 मालुबाई म्हणाली, "म्हंजे मी गिरणीची पायरी चढायच्या आदीच माझ्या हातासाठी कुणीतरी लिवून ठेवलं हुतं? मला बघितलं बी न्हाय त्यांनी, आन् माझा इचार केला?"

हरिभाऊ हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं कायद्याचं पुस्तक शेकडो वेळा उघडलं असेल. असं काही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

हरिभाऊनं तिच्या वतीनं दावा लावला. गिरणीमालक शेठजींच्या वकिलानं सांगितलं, ही बाई गिरणीची नोकर नाहीच. बायका मुकादम आणतो, पगार तोच देतो, शेठजी हिला ओळखतही नाहीत. आता बाकीच्या बायकांनी येऊन सांगायला हवं होतं. पण यल्लाप्पा खोलीवर येऊन बजावून गेला, "जी कोर्टात जाईल, तिनं परत गिरणीचं त्वांड बघू नये."

कुणी तयार होईना. आई रात्रभर तळमळली आणि उजाडताच बेळगावच्या मोटारीत जाऊन बसली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट पाहिलं. उंच छत, लाकडी कठडा, वर बसलेले जज्जसाहेब. 

"काम कुणाचं करत होता?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"शेंगा शेठजींच्या, गिरणी शेठजींची, इंजन शेठजींचं," आई म्हणाली. "येल्लाप्पा नुसता हाका मारतोय साहेब."

मग मालुबाईची पाळी आली. ती अजून अशक्त होती. उभी राहिली आणि झोक गेला. जज्जसाहेबांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं. शेठजी उभे होते आणि मालुबाई खुर्चीवर बसली होती. आई सांगायची, ते बघून मला वाटलं, आता भिंती हलणार.

शेठजींचा वकील म्हणाला, "पदर नीट खोचला असता तर हे झालं असतं का? तुमचीच हयगय."

मालुबाई हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आंग झाकायला मला लुगडं लागतंय, साहेब. पट्टा झाकायला फळ्या लागत नव्हत्या व्हय?"



निकाल तिच्या बाजूनं लागला. जज्जसाहेबांनी सांगितलं, मजूर मुकादमानं आणले तरी काम ज्याचं, जबाबदारी त्याची. आणि पदर सैल होता म्हणून बाईचा हक्क बुडत नाही. आईची गिरणी मात्र सुटली ती कायमचीच. 

भरपाईतून मालुबाईनं म्हैस घेतली, मुलीचं लग्न केलं. एका हातानं म्हैस पिळायची, मोठ्या भांड्याला गुडघ्यांचा आधार देऊन. पण तिचं खरं काम वेगळंच होऊन बसलं. कुणाला यंत्राचा मार लागला की घरची माणसं तिच्याकडं यायची. ती लुगडं बदलून त्यांच्याबरोबर कोर्टाकडं निघायची. लढाईच्या दिवसांत बेळगावजवळच्या सांबऱ्याला विमानतळाचं काम निघालं. तिथं एका ठेकेदाराकडं भरमू नावाच्या गड्याचा पाय खडीच्या यंत्रात सापडला. त्याची बायको कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडत होती. मालुबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "रडून झालं न्हवं? चल आता. आपुनच सांगायचं असतंय." आणि हरिभाऊच्या टेबलापर्यंत नेलं.

ती गेली सेहेचाळीस साली, थंडीत. सांगावा कुणी कुठं धाडला ठाऊक नाही. पण तिरडी उचलायच्या वेळेला वेशीतून माणसं येताना दिसली. एक कुबडीवर होता. एकाची तीन बोटं नव्हती. एकाला दिसत नव्हतं, त्याला बायकोनं हाताला धरून आणलं होतं. त्यांतलं एकही आमच्या गावचं नव्हतं. बोरगाव दारादारांत उभं राहून बघत होतं. तिरडी आपोआप सावकाश चालू लागली, त्यांना बरोबर येता यावं म्हणून.