दहापैकी दोन

जूनमध्ये टोमॅटोच्या प्लॉटात ठिबकच्या नळीत पाय अडकून मी पडले आणि बांधाच्या दगडावर उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. मंचरला ऑपरेशन झालं, तुकडे तारेने बांधले, दीड महिना पाय पट्ट्यात सरळ ठेवला. पट्टा निघाला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पाहते तर पाय वाकेचना. खुर्चीवर बसले की तो समोर बाकासारखा आडवा. घरातली माणसं त्याला अडखळायची आणि वर मलाच जपून राहायला सांगायची.

मला मात्र डिसेंबर दिसत होता. पिंपळवंडीत आमच्या आळीतल्या आठ बायकांची सावड आहे. आज हिच्या कांद्याची लागण, उद्या तिच्या. प्रत्येकीने प्रत्येकीच्या वाफ्यात दिवस भरायचा. मी शाळेत शिकवत होते तेव्हाही लागणीला रजा टाकून जायची. ओल्या वाफ्यात उकिडवं बसून, अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबत सरकायचं, याला दुसरा मार्ग नाही. जिला बसता येत नाही तिच्यासाठी एक जागा असते, बांध. तिथे बसून रोपांच्या जुड्या द्यायच्या, चहा करायचा आणि आजारी माणसाशी बोलतात तसलं गोड बोलणं ऐकून घ्यायचं. माझी थोरली जाऊ सावडीची पुढारी. भेटायला आली आणि माझ्या आडव्या पायाकडे बघत सांगून मोकळी झाली, "औंदा तू बांधावर बस. आमी हाय ना."

ऑपरेशनच्या दिवशी मी रडले नव्हते. ती गेल्यावर रडले.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली. माझी कल्पना अशी की कोणीतरी तेल लावून चोळेल, यंत्राने शेकेल आणि मी डोळे मिटून पडेन. शेजाऱ्यांची पिकअप कांदे घेऊन मंचरला निघाली होती, तिच्या पुढच्या सीटवर पाय कसाबसा कोंबून मी गेले. तिथल्या मॅडम जुन्नरच्या मुसलमान घरातल्या, वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुली आज असतील तेवढ्या. त्यांनी तेल काढलंच नाही. त्यांनी काढला कोनमापक. दोन लांब पट्ट्यांचा, प्लॅस्टिकचा. तो गुडघ्याला लावून त्या म्हणाल्या, "चाळीस."

मी सवयीने विचारलं, "कितीपैकी?"

"उकिडवं बसायचं असेल तर एकशे तीसच्या पुढं जावं लागंल."

म्हणजे अजून नव्वद अंश, अख्खा एक काटकोन. फळ्यावर मी तो हजार वेळा काढला असेल, पण एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

"बाई, इथं मी अर्धा तास असणार," मॅडम म्हणाल्या. "बाकीचा दिवस तुमचा. मी शिकवणार, वाकवायचं तुम्हीच." मग टॉवेलची वळकटी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायला लावली, पलंगावर टाच मागे ओढायला लावली. यंत्राचा शेक मिळाला, पण शाळेत मधल्या सुट्टीला मिळतो तेवढाच वेळ. आयुष्यभर पोरांना गृहपाठ दिला, तो म्हातारपणी माझ्याच गळ्यात पडला.

पाय दाबताना त्या विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" इथे माझी सवय आडवी आली. मार्क देताना माझा हात आखडता. माझ्याकडून निबंधाला दहापैकी सहा मिळाले तर पोराच्या घरी गोडधोड व्हायचं. शिवाय परक्या माणसासमोर दुखतंय म्हणायची आमच्याकडे रीत नाही. डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी म्हणत होते, "न्हाई, लई न्हाई. दोन."

दोन म्हटल्यावर त्या जोर वाढवायच्या. घरी माझा वेगळाच उद्योग. त्यांनी दहा वेळा सांगितलं की मी चाळीस वेळा करायची. आमच्याकडे फवारणीचं औषधसुद्धा बाटलीवर लिहिल्यापेक्षा एक टोपण जास्तच पडतं, तसंच हे. कोन सत्तरवर गेला आणि मी घरभर मिरवले. पंधरवड्याने गुडघा वांग्यासारखा सुजला. मॅडमनी कोनमापक लावला तर पंचावन्न.

"किती दुखतंय?"

"दोन."

त्यांनी कोनमापक बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही. "बाई, पोरानं उत्तर चुकवलं तर तुम्हाला कळायचं ना, चुकलं कुठं ते? तुम्ही मला रोज कोरा पेपर देताय. मी काय तपासू?"

इतक्या वर्षांत मला कोणी असं वर्गात उभं केलं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खाली मान घालून मी म्हणाले, "आठ. आन् घरी चाळीस वेळा करती."

चार दिवस बर्फ आणि मग मोजून दहा, अशी शिक्षा झाली. सोबत एक नियमही मिळाला. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत उरलं, तर समजायचं, टोपण जास्त पडलं. टोपणाची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, ती त्यांनी माझ्यावरच उलटवली.

तेव्हापासून मी खरे मार्क द्यायला लागले, आणि गंमत म्हणजे गुडघाही ऐकायला लागला. माळ्यावर शाळेतला जुना लाकडी कोनमापक होता, फळ्यावर वापरायचा तो. दर रविवारी मी पलंगावर पाय वाकवून बसायची आणि नवरा तो कोनमापक गुडघ्याला लावून डोळे बारीक करायचा.

"पंच्याण्णव," तो म्हणायचा.

"नीट बघा."

"बघतोय ना. बरं, त्र्याण्णव."

"आधी पंच्याण्णव म्हणाला होतात."

"अगं, मी नापास करत न्हाई तुला."

एकशे दहावर मात्र गाडी अडली. तीन आठवडे तेच. एका रविवारी मी कोनमापक ढकलून दिला आणि नवऱ्याला म्हटलं, द्या आता मला बांधावरच बसवून. मॅडम म्हणाल्या, असं होतं, थांबू नका. त्यांनी जिना शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मग पलंगाची कड धरून थोडं थोडं खाली बसणं. कोन पुन्हा एकेक अंशाने सरकायला लागला. तेवढ्यात जावेने लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलून ठेवला. तिने बोलायचा आणि पायऱ्या मी चढायच्या, अशी ती वाटणी. मी म्हटलं, आक्का, आधी वाफ्यात तर बसू द्या.

डिसेंबर उजाडला. आमच्या लागणीच्या दिवशी जावेने बांधावर लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, वर उशीसुद्धा. मी खुर्चीच्या शेजारून गेले, पदर खोचला, जुडी उचलली आणि वाफ्यात उतरले. मी हळूहळू खाली गेले. गुडघ्याने कुरकुर केली, चार मार्कांची. टाच टेकली, मांडी पोटरीला लागली, थंड चिखल बोटांत आला, आणि मी पहिलं रोप दाबलं. मला इतका आनंद झाला की पुढची दोन-तीन रोपं वाकडी लागली. ती मी कोणाला दिसायच्या आत सरळ केली.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मध्येमध्ये उठून पाय मोकळा केला. दर वेळी जमिनीला हात न टेकता उठले, आणि दर वेळी जावेकडे बघितलं. तिने एकदाही वर पाहिलं नाही. वाफा संपवून मी मान वर केली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मी जिंकले होते, आणि हे सगळ्यांना दिसलं होतं.

हात धुवायला बांधाकडे गेले तर लाल खुर्चीत जाऊ बसली होती. पदराच्या आडून डावा गुडघा दाबत होती. मला पाहून तिने हात काढून घेतला.

मी तिच्यापुढे, मुद्दाम, उकिडवी बसले. "आक्का, कवापासून दुखतंय?"

"कुठं काय. औंदा जरा."

"दहापैकी किती?"

तिने वाफ्याकडे पाहिलं. "लई न्हाई गं," ती म्हणाली. "दोन."

मी नवऱ्याला हाक मारून विचारलं, पिकअप मंचरला परत कधी जाणार आहे.