हात धुण्याचं वाक्य

नारायणगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी विषशास्त्रात जे काही संशोधन केलं, त्यातला एकच पेपर जगानं वाचला. तोही अर्धा. पूर्वी याचा राग यायचा, आता नुसता कंटाळा येतो.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात द्राक्षबागा वाढल्या, तशी फवारणीही वाढली. फवारायच्या विषाला इथे सगळे ‘औषध’ म्हणतात, मग त्याला घाबरणार कोण? माझे धाकटे दीर बाग करायचे. छाटणी झाली की पाठीवर पंप चढायचा तो उतरायचाच नाही. संध्याकाळी डोकं धरून ओट्यावर बसायचे. “वहिनी, जरा गरगरतंय,” एवढंच म्हणायचे. त्यांच्यासाठी मी हा विषय घेतला. पेपरात असं काही लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

फवारणाऱ्यांचं रक्त तपासलं. विष अंगात गेलं की रक्तातलं एक एन्झाइम घटतं. दुपारी गूळ खाणाऱ्यांचं ते कमी घटलेलं दिसलं. गुळानं औषध उतरतं, असं इकडे मानतातच. पण मी बागेत बसून पाहिलं होतं. मुंग्यांच्या भीतीनं गुळाचा डबा घरात असायचा. गूळ हवा तर घरी यावं लागे, आणि घरची बाई साबणानं हात धुतल्याशिवाय कुणाला डब्याजवळ फिरकू देत नसे. आमच्या सासूबाई तर हात हुंगून बघायच्या. बाकीचे गडी बांधावर तसल्याच हातानं भाकरी मोडायचे. गुण साबणाचा होता, गुळाचा नव्हे.

हे मी पेपरात लिहिलं, सारांशातही लिहिलं. संपादकांनी जागेसाठी सारांश कापला आणि नेमकं हात धुण्याचं वाक्य उडवलं. मला कळलं ते छापून आल्यावर. मी भांडून दुरुस्ती छापायला लावली. ती कुठल्याशा अंकाच्या शेवटच्या पानावर आली आणि तिथेच राहिली.

पुढे एसटी स्टँडमागे इंटरनेट कॅफे निघाला. तिथे बसून मी माझी सायटेशन्स बघायची, म्हणजे किती जणांनी त्यांच्या लेखात माझ्या पेपराचा हवाला दिला ते. दर खेपेला आकडा वाढलेला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक माझा हवाला देऊन गुळाचे गोडवे गात होते. सगळ्यांनी सारांशावरच भागवलं होतं. दुरुस्तीला एकही सायटेशन नाही. बढतीच्या मुलाखतीत समितीनं तोच आकडा बघून माझं अभिनंदन केलं. मी खुलासा करायला लागले तर एक सर हसून म्हणाले, “मॅडम, सायटेशन ते सायटेशन. चहा घ्या.” मी चहा घेतला. बढतीही मिळाली.

मग इथल्या एका वर्तमानपत्रानं बातमी छापली की गुळानं विषबाधा टळते, आपल्याच प्राध्यापिकेचं संशोधन. औषधाच्या दुकानदारानं ती काउंटरवर चिकटवली. मी खुलासा पाठवला, तो आलाच नाही.

त्या सुमारास एका रविवारी मी बागेत गेले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. दिरांनी पंप उतरवला, खिशातून कागदाची पुडी काढली आणि ओल्या, वास मारणाऱ्या हातानं गुळाचा खडा तोंडाकडे नेला. मी अक्षरशः धावले.

“भावजी, हात!”

“अवो वहिनी, तुमीच तर शोध लावला. आता घरी यायचा हेलपाटा न्हाई. समदे खिशातच ठिवत्यात.”

आधी गुळापायी का होईना, हात धुतले जात होते. माझ्या पेपरानं तेवढंही बंद केलं.

मी त्यांना पाइपाखाली नेलं, साबण दिला, पाणी सुरू केलं आणि सगळं सांगितलं. सारांश, साबण, सासूबाई. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, कोपरापर्यंत हात धुतले.

“मंग पेपरात खोटं छापलंय व्हय?”

“खोटं नाही हो, अर्धं छापलंय.”

त्यांनी हात झटकले, नवा खडा मोडून आधी मला दिला, मग स्वतः तोंडात टाकला.

“तुमी काळजी नका करू, वहिनी,” ते मायेनं म्हणाले. “तुमी असल्यावर हात धुतोच की. नसल्यावर गूळ हाय.”