शल्यविशारदाचा अखेरचा अर्ज

डॉक्टरसाहेब गेल्याचे त्यांचे चिरंजीव निखिल यांनी दूरध्वनीवरून कळवले, तेव्हा मी दोह्याच्या नजमा भागातील माझ्या अर्जलेखनाच्या दुकानात एका सुताराच्या रजेचा अर्ज लिहीत होतो. "दाऊदकाका, बाबा गेले," एवढेच तो म्हणाला. काही आठवडे लोटले... आज लेखणी धजते आहे.

माझे शिक्षण रत्नागिरीस आठवीपर्यंतच झाले. तथापि दोह्यात माझ्या मसुद्याला मान आहे. शल्यचिकित्सेच्या निवृत्त प्राध्यापकाने दर शुक्रवारी माझ्याकडे येऊन बसावे, हा मी माझा बहुमान समजतो. मूळचे नाशिकचे डॉक्टरसाहेब पत्नीच्या निधनानंतर दोह्यातच मुशैरिब भागात मुलाकडे राहत. माझा एखादा अर्ज वाचून ते म्हणत, "दाऊदभाई, हा मोठ्याने वाचला तर पेशंटला भूल द्यायला नको." स्वतःविषयी ते क्वचितच बोलत, बोलत ते एकोणिसाव्या शतकातील आपल्या पणजोबांविषयी. तेही शल्यविशारद, तेही प्राध्यापक. प्रेताला हात लावतात म्हणून भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकले. मागीलदारी स्नान केल्याखेरीज घरात प्रवेश नसे, जेवणाचे पानही वेगळे. तरी त्यांनी विच्छेदन शिकवणे सोडले नाही. मात्र शिकवायला देह मिळत ते बेवारसांचेच, आणि हेच डॉक्टरसाहेबांना आयुष्यभर सलत राहिले. "आमचं घराणं परक्यांच्या देहांवर शिकलं," ते एकदा म्हणाले. "आमच्यातला एकही त्या टेबलावर गेला नाही. मला जायचंय. अर्ज लिहा."

मी लेखणी खाली ठेवली. "आमच्यात मयत लवकरात लवकर मातीला देतात, डॉक्टरसाहेब. पोरांच्या हाती कसं द्यायचं?"

"मीही त्या पोरांतलाच होतो. लिहा... आणि या वेळी जरा थोडक्यात."

आपण जेथे शिकवले त्या नाशिकच्या महाविद्यालयास आपला देह द्यावा, असा अर्ज मी लिहिला. परंतु मुलाच्या संमतीवाचून तो निरर्थक होता, आणि विषय निघताच निखिल "नंतर बघू, बाबा" म्हणून उठून जाई.

डॉक्टरसाहेब गेल्यावर दोह्यातील शवागाराबाहेर मी तो अर्ज निखिलपुढे धरला. देह विमानाने नाशिकला जायचा होता. तेथून महाविद्यालय की स्मशान, एवढेच ठरायचे होते. त्याने शांतपणे वाचले. "काका, शेवटी शेवटी मी त्यांना आंघोळ घालायचो. त्यांच्या अंगावरची खूण न् खूण मला पाठ आहे... तिथे कुणाला कसं चिरू देऊ?" मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही तुमच्या अब्बांना दिलं असतंत?"

कठोरातील कठोर अधिकाऱ्यांची मने ज्याच्या शब्दांनी वळली, त्या मी अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला. नसते दिले.

नाशिकला त्यांना अग्नी देण्यात आला. तेथील विच्छेदनगृह मी कधी पाहिलेले नाही. तरी शुक्रवारी दुकान बंद करताना ते डोळ्यांसमोर उभे राहते... मुले टेबलाभोवती जमली आहेत, आणि टेबलावर याही वेळी कुणा बेवारसाचाच देह आहे.